कामाचा पाठ : रेस दिली की बंद पडणारी कटर मशीन



या सदरात आपण एरवी शेळ्या, परसबाग, शिवणयंत्र असे विषय घेतो. या वेळचा पाठ जरा तेलकट हातांचा आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला येणाऱ्या वस्तूंत पाणी उपसायच्या इंजिनाखालोखाल नंबर लागतो तो लाकूड कापायच्या पेट्रोल मशीनचा. चेनसॉ तिचं नाव, पण वाशिमकडे सगळे तिला नुसतं कटर म्हणतात. तुमच्यापैकी काहींनी अशा जुन्या मशीन आमच्याकडे पाठवल्या आहेत, काहींनी त्यासाठी पैसे दिले आहेत. म्हणून ती बंद का पडते आणि आम्ही मुलांना ती कशी तपासायला शिकवतो, हे एका खऱ्या मशीनवरूनच सांगतो.

मानोरा तालुक्यातल्या एका आंध वस्तीतल्या चार तरुणांनी आपल्या आयांच्या बचत गटातून कर्ज काढून ही मशीन जुनी विकत घेतली. चायनीज, ५८ सीसीची, बावीस इंची बार. आपल्या भागात दिवाळीनंतर सोयाबीन घरात आलं की शेतकरी धुऱ्यावरच्या वाळलेल्या बाभळी काढायला माणसं शोधतात, वठलेल्या संत्र्यांच्या बागा मोडतात, उन्हाळ्यात वादळाने पडलेला निंब तोडून हवा असतो. कुऱ्हाड घेऊन गेलं तर ठेकेदाराच्या हाताखाली रोजाने काम मिळतं. स्वतःची मशीन असली की तेच काम उक्तं घेता येतं आणि पैसा थेट हातात येतो. सुकलेल्या बाभळीचं जाड खोड पाडायला कुऱ्हाडीने दोघांचा अर्धा दिवस जातो, चालती मशीन ते चहा उकळेपर्यंत करते. चालती असेल तर.

ही चालत नव्हती. सकाळी दहा-बारा वेळा दोरी ओढली की सुरू व्हायची, स्लोवर बरी चालायची, आणि रेस दिली की ‘भूऽप’ करून बंद. चोक अर्धा ओढून ठेवला तर थोडं लाकूड कापायची, मग गरम होऊन पुन्हा बंद. शहरातल्या एका दुकानात दाखवली तर त्यांनी न उघडताच इंजिन गेलं, भंगारात घाला, नवी घ्या असं सांगितलं. गटाचा हप्ता महिन्याच्या दहा तारखेला होता.

मशीन टेबलावर ठेवल्यावर मी पोरांना पहिल्यांदा पाना हातात घेऊ देत नाही. आधी तिचं वागणं सांगायला लावतो. थंड असताना सुरू होते की गरम असताना? बंद पडताना हळूहळू दमते की एकदम वीज गेल्यासारखी थांबते? चोक ओढला की बरी चालते का? एकदम थांबणं बहुधा ठिणगीचं दुखणं असतं, दमत दमत थांबणं पेट्रोलचं. आणि चोक लावल्यावर जी बरी चालते तिला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते आहे, कारण चोक हवाच अडवतो. म्हणजे त्या चौघांनी आपल्या मशीनचं अर्धं निदान स्वतःच सांगून टाकलं होतं. फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. या इंजिनात मोटारसायकलसारखं वेगळं इंजिन ऑइल नसतं. पेट्रोलात मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण देतं. त्यामुळे पेट्रोल कमी पोचलं की तेलही कमी पोचतं, आणि इंजिन तर जास्त तापतं. अशा वेळी आवाज बारीक आणि चिरका होतो, मशीन जोरात पळते आहे असं वाटतं. माणूस खूश होऊन आणखी रेस देतो आणि पिस्टन सिलेंडरला घासून चिकटतो. म्हणून अर्धा चोक लावून काम उरकणं हा जुगार आहे. आज भागतं, पण मशीन त्यानेच मरते.

आता तपासणी. क्रम असा ठेवावा की फुकटातल्या गोष्टी आधी आणि पैशाच्या शेवटी.

सर्वांत आधी पिस्टन बघायचा, कारण तोच खराब असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. स्विच बंद ठेवून मशीन स्टार्टरच्या मुठीला धरून उचलावी. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ती दोरीवर अडत अडत, झटके देत खाली उतरते. सुळकन खाली आली तर रिंग किंवा सिलेंडर झिजलेलं आहे. ज्यांच्याकडे गेज आहे त्यांना साधारण १२० पीएसआयच्या वर आकडा दिसला तर काळजी नाही. मग सायलेन्सरचे बोल्ट काढून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टन पाहावा. गुळगुळीत, चमकता असेल तर देवाचे आभार माना. उभे ओरखडे असतील तर नव्या पिस्टन-सिलेंडरचा हिशेब करा. आमच्या मशीनचा पिस्टन स्वच्छ होता. चौघांपैकी सगळ्यात धाकट्याने तीनदा वाकून पाहिलं. सायलेन्सरच्या तोंडावरची बारीक जाळी मात्र काजळीने निम्मी बुजली होती, ती तारेच्या ब्रशने साफ केली. ही जाळी बुजली की धूर बाहेर पडत नाही आणि मशीन ताकद धरत नाही. पुष्कळ जण ती काढून फेकतात. तसं करू नये. वाळल्या गवतात ठिणगी पडू नये म्हणूनच ती दिलेली असते.

दुसरी ठिणगी. प्लग काढून टोपीत बसवावा, त्याचा धातूचा भाग सिलेंडरच्या पंख्यांना टेकवावा आणि दोरी ओढावी. प्लगच्या भोकापासून हात दूर ठेवा, कारण आतून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी निळसर, जोरदार दिसली पाहिजे. प्लगचा रंगही पुष्कळ सांगतो: फिकट तपकिरी म्हणजे ठीक, काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल किंवा तेल जास्त, पांढुरका कोरडा म्हणजे पेट्रोल कमी. आमचा पांढुरका निघाला. प्लगचं अंतर ०.५ मिलिमीटर ठेवलं. ठिणगी कमजोर असती तर मॅग्नेट आणि कॉइल यांच्यातलं अंतर पाहिलं असतं. ते साधारण ०.३ मिलिमीटर असतं, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकेल एवढं.

तिसरी गोष्ट पेट्रोल, आणि खरी गंमत इथेच आहे. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात तेल मिसळलेल्या पेट्रोलचे चार थेंब टाकावेत, फिल्टर लावावा आणि दोरी ओढावी. मशीन दोन सेकंद जोरात चालून बंद पडली तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन दोन्ही ठीक आहेत, फक्त टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत येत नाही. आमची तशीच चालली.

टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं आणि अर्धा तास उन्हापासून दूर ठेवून दिलं. तळाशी वेगळा थर जमला. पोरांना वाटलं दुकानदाराने पाणी मिसळलं. तसं असायलाच हवं असं नाही. २०२३ पासून आपल्या देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल म्हणजे उसाच्या मळीपासून, धान्यापासून काढलेला मद्यार्क. तो हवेतला ओलावा शोषतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कटरला काम नसतं, मशीन टाकीत पेट्रोल असतानाच पत्र्याखाली पडून राहते. पावसाळाभर ओलावा शोषून शोषून शेवटी पाणी आणि मद्यार्क मिळून खाली बसतात, पेट्रोल वर राहतं, आणि टू-टी ऑइल पेट्रोलाबरोबर वर राहतं. पेट्रोल ओढायची नळी मात्र टाकीच्या तळाशी असते. म्हणजे पहिल्या दोरीलाच इंजिनात जातं ते तेल नसलेलं पाणी. कटर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आपल्या मशीनला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगत आल्या आहेत, तेव्हा जुन्या मशीनचं रबर हे पेट्रोल सहन करील अशी अपेक्षाच करू नये.

पेट्रोल आपल्याला बदलता येत नाही, सवय बदलता येते. मिश्रण पंधरा दिवसांत संपेल एवढंच करायचं, एकदम पाच लिटर करून ठेवायचं नाही. काम संपलं की टाकी रिकामी करायची आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत ती स्लोवर चालवायची. मिश्रणाचं माप मशीनच्या पुस्तकात असतं. जुन्या चायनीज मशीनला साध्या टू-टी ऑइलबरोबर एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर, म्हणजे २५ ला एक, हे माप सुरक्षित. चांगल्या कंपनीची मशीन आणि तिचंच तेल असेल तर ५० ला एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. तेल ‘अंदाजाने’ घालणाऱ्याला मी औषधाच्या बाटलीचं झाकण देतो, त्यावर माप असतं. आणि मिश्रण पाण्याच्या बिसलेरी बाटलीत ठेवायचं नाही. घरात लहान लेकरं असतात, तहान लागली की ती बाटलीचा रंग बघत नाहीत.

टाकीत तारेचा आकडा घालून नळी आणि तिच्या टोकाचा फिल्टर बाहेर ओढला. फिल्टर चिकट झाला होता. नळी वाकवली तर टाकीत शिरते तिथे तिला बारीक चीर. स्लोवर थोडंच पेट्रोल लागतं, तेवढं चिरेतूनही येतं. रेस दिली की पंप जोरात ओढतो आणि चिरेतून हवाच येते. ‘रेस दिली की बंद’ याचं उत्तर बरंचसं इथेच मिळालं. शेजारीच टाकीचा श्वास घ्यायचा छोटा व्हॉल्व्ह असतो, तोही पाहून घ्यावा. तो बुजला तर टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल थांबतं. याची खूण सोपी: मशीन दमायला लागली की टाकीचं झाकण सैल करा, लगेच सुधारली तर दोष व्हॉल्व्हचा.

नळी बदलून थांबता आलं असतं, पण इतकी वर्षं तेच पेट्रोल प्यायलेला कार्बोरेटर न उघडता सोडणं मला पटत नाही. त्यात दोन पातळ पडदे असतात. एक पेट्रोल ओढतो, दुसरा किती आत सोडायचं ते ठरवतो. नवा पडदा हातात घेतला तर कापडासारखा लोळतो. आमचा पापडासारखा कडक झाला होता, बोटाने दाबला की वाजायचा. असा पडदा हलतच नाही, मग सुई उघडणार कशी? आत बोटाच्या नखापेक्षा लहान एक गाळणी असते, ती काढून पेट्रोलने धुतली. भोकांत तार घालायची नाही. भोक मोठं झालं की माप कायमचं बिघडतं. हातपंपाची हवा पुरते. पडद्यांचं आणि गॅस्केटचं किट वेगळं मिळतं, पूर्ण कार्बोरेटरच्या निम्म्याहून कमी पैशात. उघडताना कोणता पडदा आणि कोणतं गॅस्केट कशावर होतं याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, हे मात्र पोरांनीच मला शिकवलं.

जोडल्यावर मशीन चौथ्या दोरीला सुरू झाली आणि रेसलाही टिकली. पोरं उठून उभी राहिली. मी त्यांना बसवलं, कारण रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नव्हतं, चार-पाच सेकंद उंच आवाजात रेंगाळायचं. याचा अर्थ कुठून तरी चोरून हवा आत येते आहे. हीच ती पिस्टन खाणारी अवस्था, आणि बरेच मिस्त्री इथेच ‘झालं’ म्हणून मशीन परत देतात.

ती हवा शोधायची आमची रीत साधी आहे. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढायचे, एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून सायलेन्सर पुन्हा घट्ट करायचा. कार्बोरेटरच्या जागीही तसाच तुकडा, पण त्यातून एक बारीक नळी आत. पिस्टन खाली ठेवायचा, म्हणजे आतली सगळी जागा एक होते. मग त्या नळीतून हातपंपाने अगदी हलकी हवा भरायची, पाच-सात पीएसआयच्या वर नाही, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं. पंक्चर काढणाऱ्याला हे सांगावंच लागत नाही. मॅग्नेटच्या मागे बुडबुडे आले तर क्रँकचं सील गेलं. आमचे बुडबुडे आले ते कार्बोरेटर आणि सिलेंडर यांच्या मधल्या काळ्या ठोकळ्यापाशी. त्याचे दोन स्क्रू ढिले होते आणि गॅस्केट फाटलेलं. गॅस्केट नवं लावलं, स्क्रू आवळले, बुडबुडे थांबले.

सेटिंग सगळ्यात शेवटी करायचं, मशीन गरम झाल्यावर आणि एअर फिल्टर धुऊन वाळवून लावल्यावर. कार्बोरेटरवर दोन पेट्रोलचे स्क्रू असतात, एक स्लोचा, एक रेसचा. दोन्ही हलक्या हाताने बंद करून एक-एक फेरा उघडायचे, ही सुरुवात. स्लोचा स्क्रू असा ठेवायचा की रेस दिल्याबरोबर इंजिन न अडखळता उचलेल. रेसचा स्क्रू कानाने लावायचा: हवेत पूर्ण रेसला आवाज किंचित भडभडता हवा आणि लाकडात घातल्यावर तोच आवाज स्वच्छ व्हायला हवा. हवेतच चिरका स्वच्छ आवाज येत असेल तर पेट्रोल कमी पडतं आहे, स्क्रू डावीकडे थोडा उघडा. इथेनॉलच्या पेट्रोलला तो पूर्वीपेक्षा थोडा जास्तच उघडावा लागतो. तिसरा स्क्रू स्लो स्पीडचा. मशीन स्लोवर असताना चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर कितीही घाई असो, ती मशीन कामावर न्यायची नाही.

आणि चेन! ‘मशीन ओढत नाही’ म्हणून आलेल्या बऱ्याच मशीनचं इंजिन धडधाकट असतं, फक्त दात बोथट असतात. ओळखायचं भुशावरून. धारदार चेन लाकडाचे चिपटे फेकते, बोथट चेन पिठासारखा भुसा आणि धूर काढते. सुकी बाभूळ तर धार पाहता पाहता खाते, त्यात बुंध्याला माती लागलेली असेल तर विचारूच नका. आज चेनला जे आकड्यासारखे वाकडे दात दिसतात ते अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४० च्या दशकात काढले. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी आपल्या जबड्याने डावीकडे-उजवीकडे लाकूड कशी खात जाते हे पाहून त्याने डावा-उजवा असा दात बनवला. तो पाहिला की धार लावायची रीतही कळते: गोल कानस, आतून बाहेर, एकाच दिशेने, सुमारे ३० अंशांत, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात. डाव्या बाजूला चार आणि उजवीकडे सहा घासले तर मशीन लाकडात तिरकी पळते. कानशीची जाडी चेनच्या मापाची हवी. या ५८ सीसी मशीनवर बहुधा ०.३२५ इंचाची चेन असते, तिला ४.८ मिलिमीटरची कानस लागते.

दुरुस्त झालेली मशीन परत देताना आम्ही दोन गोष्टी विचारल्याशिवाय देत नाही. पहिली, चेन ब्रेक लागतो का. बारचं वरचं टोक लाकडाला टेकलं की मशीन उलटून तोंडाकडे येते, तेव्हा तोच ब्रेक वाचवतो. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, पायात बूट हे सगळं ठरलेलं, चप्पल घालून आलेल्याला मशीन मिळत नाही. दुसरी, झाड कोणाचं आणि कोणतं. महाराष्ट्रात झाडं तोडण्याबाबत १९६४ चा कायदा आहे. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर अशी त्याच्या यादीतली झाडं स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आदिवासी शेतकऱ्याने आपल्या शेतातली झाडं विकण्यासाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे, व्यापाऱ्याने त्याला कवडीमोलात फसवू नये म्हणून केलेला. हे दोन्ही आम्ही वर्कशॉपच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे. मशीन जप्त झाली तर हप्ता थांबत नाही.

त्या चौघांची मशीन आता चालते आहे. नळी, फिल्टर, किट, गॅस्केट आणि एक प्लग एवढाच खर्च आला आणि तो त्यांनीच दिला. दहा तारखेचा हप्ता तीन दिवस उशिरा गेला.

ज्यांच्याकडे वापरात नसलेली कटर पडून आहे आणि ती पाठवायची इच्छा आहे त्यांना एवढंच सांगणं: टाकीतलं पेट्रोल आणि चेनचं तेल पूर्ण काढून टाका, कुरियरवाले तशी मशीन घेतही नाहीत. दोरी ओढून पाहा, इंजिन फिरत असेल तर पाठवा. चालू नसली तरी चालेल. रंग देऊ नका, नवी चेन घालू नका. मशीनबरोबरचा पाना आणि पुस्तक सापडलं तर पिशवीत घाला. आणि एका कागदावर तिचं वागणं लिहा, शेवटची कधी चालली, बंद कशी पडली, चोक लावल्यावर काय करायची. तो कागद आम्हाला सुट्या भागांच्या डब्याइतकाच उपयोगी पडतो.